घराजवळचा किनारा नोंदवायचा तर

प्रश्न चारकोपहून आला आहे. विचारणाऱ्या ताई बँकेत नोकरी करतात, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं, मुलगी चौथीत आहे. रविवारी दोघींनी मिळून मुंबईच्या किनाऱ्यावरची झाडं आणि प्राणी नोंदवायचे असं त्यांच्या मनात आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सुरुवात हाजीअलीपासून करावी का, शिक्षण नसताना ओळख कशी पटवायची, आणि या नोंदींचा कुणाला काही उपयोग होतो का, की नुसते फोटो साठतात?

ताई, हाजीअलीला जरूर जा. पण तिथून सुरुवात करू नका. चारकोपहून तिथे पोचायला दीड तास, परत यायला दीड तास. असा प्रवास माणूस दोन-तीनदा उत्साहाने करतो, मग पाऊस येतो, मुलीची परीक्षा येते आणि वही बंद पडते. किनाऱ्याच्या नोंदीत सगळं वजन परत परत जाण्याला आहे. एकाच जागी बारा महिने जाणाऱ्याची साधी वही मला बारा किनारे एकेकदा पाहिलेल्या माणसाच्या देखण्या फोटोंपेक्षा जास्त कामाची वाटते. तुमच्या घरामागे सेक्टर संपतात तिथे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान सुरू होतं. तुमची कायमची जागा ती. जोडीला एखादा खडकाळ किनारा धरा, महिन्यातून एकदा. लोकलने वांद्र्याला उतरून बँडस्टँड किंवा कार्टर रोड गाठणं तुम्हाला सोयीचं पडेल.

आता वेळ. इथे रविवार आपल्या सोयीने चालत नाही, समुद्राच्या सोयीने चालतो. खडक पाहायचे तर पाणी पुरतं ओसरलेलं हवं, आणि ते उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमीच्या सुमाराला भांग असते. तेव्हा ओहोटी लागली तरी पाणी फारसं मागे जात नाही आणि अर्धा किनारा बुडालेलाच राहतो. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती. त्यात सहा तास आणि वर थोडं इकडे-तिकडे केलं की ओहोटी, सकाळी साडेसातच्या आगेमागे. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. म्हणून सकाळी मुलीला घेऊन जायचं तर पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची बीज, तीज आणि चतुर्थी पाहा. उधाणही अजून टिकून असतं आणि उजेडही असतो. पौर्णिमेच्याच दिवशी गेलात तर ओहोटी पहाटे अंधारात निघून जाते.

हिशेब अंदाजाचा आहे, निघण्याआधी मुंबईचा टाइड चार्ट उघडून खात्री करा. त्यात वेळेइतकीच उंची बघायची. ओहोटीची उंची 1 मीटरच्या खाली असेल तर जायला हरकत नाही, अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर रजा टाकूनही जा. तासभर आधी पोचायचं, उतरत्या पाण्याच्या मागे मागे जायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. खडकांत चढतं पाणी समोरून येईलच असं नाही. मधल्या खोलगट भागातून ते आधी मागे भरतं आणि माणूस बेटावर अडकतो. पावसाळ्यात भरती साडेचार मीटरच्या वर जाते त्या दिवसांच्या याद्या महापालिका आधीच जाहीर करते. जून ते सप्टेंबर खडकांवर उतरूच नका. ते चार महिने तिवरांना द्या.

चारकोपच्या कडेला तुम्हाला बहुतेक सगळीकडे तिवरच दिसेल. पान वरून हिरवं, खालून पांढुरकं. कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. झाड खाऱ्या पाण्यातलं मीठ पानातून असं बाहेर टाकतं. मुलीला एक पान हलकेच चाटून बघू दे, हा धडा ती विसरणार नाही. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं सरळ वर आलेली असतात, ती हवा घ्यायला. तशीच पण जाडजूड, बुडाशी रुंद मुळं दिसली तर ती चिप्पी समजा. पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य खारफुटी वृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी खाली पांढऱ्या केसरांचा सडा दिसतो, म्हणून चिप्पी पाहायची तर लवकर जा. कांदळ ओळखायला सगळ्यांत सोपा. खोडापासून फुटलेली कमानदार मुळं आणि फांदीवरच रुजून लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगा. त्या खऱ्या शेंगा नव्हेत, आईच्या अंगावरच रुजलेली रोपं आहेत. काटेरी पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची बुटकी मारंडी काठाला मिळेल. गेवा मात्र लांबूनच ओळखायला शिका. पान तुटलं की पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

झाडांच्या यादीवर थांबू नका, त्यांच्यावर कोण येतं ते बघा. खाडीकाठच्या कोरड्या बांधावर पिलूची गर्द झुडपं असतात. दातवणाचं मिस्वाक म्हणतात तेच. त्याच्या कोवळ्या पानांवर सामन अरब नावाचं फिकट केशरी फुलपाखरू अंडी घालतं. पिलू तोडला की हे फुलपाखरूही त्या काठावरून जातं. तेव्हा ‘पिलू, 1 झाड’ एवढं लिहून पुढे सरकण्याऐवजी तिथेच दहा मिनिटं उभं राहा. पानं उलटून पाहा, हिरव्या अळ्या पानाच्या शिरेला चिकटून बसतात आणि सहज नजरेत येत नाहीत.

आणि दरवर्षी होणारा एक प्रकार तुमच्या हाती लागण्यासारखा आहे. पाऊस ओसरता ओसरता काही तिवरांची पानं अचानक जाळी होतात. आठवडाभरात पट्टेच्या पट्टे तपकिरी दिसू लागतात. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं की बिल्डरने विष टाकलं. विषप्रयोगाचे प्रकार होतच नाहीत असं मी म्हणणार नाही, पण आधी पान हातात घेऊन बघा. कडा कुरतडलेल्या आहेत का, शिरा तेवढ्या उरल्या आहेत का, पान गुंडाळून आत काळपट अळी बसली आहे का, खाली विष्ठेचे दाणे पडलेत का. असेल तर ती सागाची पानं खाणाऱ्या पतंगाची अळी आहे. शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा, तिला तिवरही चालतो. अळ्या कोषात गेल्या की काही आठवड्यांत झाड नवी पालवी फोडतं. यात तुमच्या वहीचं काम असं: पहिली जाळी कधी दिसली, कुठून कुठपर्यंत पसरली, शेजारच्या चिप्पीला हात लागला का, पालवी कधी आली. चार वर्षं ही तारीख कुणी नीट लिहिली तर पाचव्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीतरी असेल. आणि एखाद्या वर्षी पालवी आली नाही, पानं न कुरतडता वाळली, तर तक्रारीलाही तोच आधार.

तिवरांच्या आत शिरू नका. चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो, श्वासमुळं पायाखाली मोडतात, आणि यातली बरीच जमीन वनखात्याच्या ताब्यात आहे. खात्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून हे काम बघतो. उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून खारफुटी आणि तिच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टा संरक्षित आहे. बांधावरून, रस्त्याच्या कडेने, साध्या दुर्बिणीने पुष्कळ दिसतं. पाणी उतरलं की चिखलावर निवटे (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतात, एक आंगडा भलामोठा असलेले फिडलर क्रॅबचे नर तो आंगडा हलवत बिळाच्या तोंडाशी उभे राहतात. तुम्ही थबकलात की सगळे आत. पाच मिनिटं हललाच नाहीत तर एकेक करून बाहेर येतात. लहान मुलांना इथे स्थिर उभं राहायला शिकवावं लागतं, आणि मोठ्यांना त्याहून जास्त.

खडकाळ किनाऱ्यावर चाल वेगळी. तिथे वरून खाली असे पट्टे असतात, ते ओळखले की गोंधळ निम्मा होतो. सगळ्यांत वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे तांदळाएवढ्या गोगलगायी खाचांत दाटीने बसलेल्या. त्याखाली बार्नॅकल, खडकाला घट्ट चिकटलेले कवचवाले जीव. मग कालवांचा पट्टा, सुरीसारख्या कडांचा. चपला घालून येणाऱ्यांचे पाय इथेच कापतात, जुने कॅनव्हासचे बूट घाला. त्याखाली, पाणी थोडाच वेळ सोडतं तिथे, हिरव्या-तपकिरी बटणांची चादर पसरलेली दिसेल. ते झोअँथिड, प्रवाळांचे नातलग. उघड्यावर मिटून बसतात, पाण्याच्या डबक्यात पाकळ्या उघडून असतात. सुंदर दिसले तरी बोट लावू नका. यांच्यातल्या काहींत जहाल विष असतं आणि तेच बोट नंतर डोळ्याला जातं. ओल्या दगडावरून चिखलाच्या रंगाचा, अंगठ्याएवढा, चामखिळींनी भरलेला कवच नसलेला जीव सरकताना दिसला तर तो पेरोनिया. मुंबईच्या खडकांवर भरपूर आहे आणि जवळजवळ कुणाच्याच फोटोत नसतो, कारण लोक रंगीत समुद्री गोगलगायी शोधत त्याच्यावरून पाय टाकून जातात.

आता ओळख पटवण्याचं. याची भीती तुम्ही उगाच घेतली आहे. पेरोनियाचंच घ्या. त्याची नेमकी जात ठरवायला तज्ज्ञांनाही शरीराच्या आतली रचना आणि डीएनए बघावा लागतो, फोटोवरून होत नाही. म्हणून ‘पेरोनिया, जात माहीत नाही’ ही पूर्ण आणि बरोबर नोंद आहे. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर फोटो टाकला की ते लगेच एक जात सुचवतं, कधी ऑस्ट्रेलियातली तर कधी कॅरिबियनमधली. आपल्या किनाऱ्याचे फोटो त्याने कमी पाहिलेत. सुचवलेलं नाव डोळे मिटून स्वीकारू नका. कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत (जीनस) खात्री असेल तिथेच थांबा. तिथे ‘रिसर्च ग्रेड’चा, म्हणजे ओळख पक्की झाल्याचा, शिक्का मिळायला दोघांचं एकमत पुरतं, आणि दोन नवशिक्यांचं चुकीवर एकमत सहज होतं. ग्रुपमध्ये एकमेकांच्या नोंदींना भराभर होकार देण्याची पद्धत मला साफ नापसंत आहे.

फोटो काढताना एक पूर्ण जीव, एक जवळून, एक आजूबाजूच्या जागेसह. झाडाचा असेल तर पान दोन्ही बाजूंनी, फूल, फळ, खोड आणि मुळं. मापासाठी शेजारी पट्टी ठेवा. नसेल तर 10 रुपयांचं नाणं, त्याचा व्यास 27 मिलिमीटर आहे. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा. आणि मूळ फोटो फोनमध्ये जपा, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोतून जागा-वेळेची माहिती निघून जाते. लोक मला असे फोटो धाडतात आणि ‘हे काय आहे’ विचारतात. काय आहे ते सांगता येतं, पण तो फोटो नोंद म्हणून संपलेला असतो.

वहीत काय लिहायचं? तारीख, सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ, ओहोटीची वेळ आणि उंची, हवा, किती जणी होतात, कुठून कुठपर्यंत चाललात. चालण्याचा टप्पा दर वेळी तोच ठेवा. बांधावरचे दोन ओळखीचे खांब धरा. मग ‘आज दिसलं नाही’ यालाही अर्थ येतो. गेल्या महिन्यात त्याच टप्प्यात, तेवढ्याच वेळात निवटे होते आणि आज एकही नाही, ही माहिती आहे. वेळ आणि टप्पा लिहिलेला नसेल तर ती नुसती हळहळ. शाईपेन नको, खाऱ्या पाण्याने पसरते. पेन्सिल वापरा. स्थानिक नावं मिळतील तशी लिहा, कुणी सांगितलं आणि कुठल्या कोळीवाड्यातलं हेही लिहा. खडकांवर कालवं काढणाऱ्या मावश्या भेटतील, त्यांचा वेळ ओहोटीपुरताच असतो. काम चालू असताना प्रश्नांची सरबत्ती नको. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि त्यांच्या टोपलीचे तर नकोतच. पोट भरायला कालवं काढणारी बाई पर्यावरणाची शत्रू असल्यासारखे मथळे मी वाचले आहेत.

उपयोगाचं खरं सांगतो. नोंदीने बुलडोझर थांबतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक 2017 पासून हाजीअली, वरळी, जुहू, कार्टर रोड इथे हिंडून फोटो घेत आले. मुंबईत प्रवाळ आहेत हे अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा तेव्हा कळलं. पुढे कोस्टल रोड आला. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण असल्याने हाजीअली आणि वरळीच्या वसाहती 2020 मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवल्या गेल्या. रस्ता झालाच, 2024 मध्ये वाहतूकही सुरू झाली. पण भरावाआधी तिथे काय होतं हे आज कुणाला पाहायचं असेल तर तारीख-वार पुरावा आहे. तो सामान्य माणसांनी जमवला. 2018 च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली तेव्हा शहराला आश्चर्य वाटलं. किनाऱ्यावर त्या सकाळी माणसं हजर नसती तर ती पिल्लं नोंदीविना समुद्रात गेली असती. संशोधकांची संख्या मोजकी आहे आणि त्यांना अनुदान संपलं की थांबावं लागतं. चारकोपच्या बांधावर दर महिन्याला जाणारं दुसरं कोण आहे?

पक्षी बघायची आवड लागली तर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिच्यात शिरा. शिवडी, भांडुप, ऐरोलीच्या बाजूला नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित (फ्लेमिंगो) असतात. पण रोहितांचे फोटो आधीच ढीगभर आहेत. चिखलावर पळणाऱ्या तपकिरी चिखल्या आणि तुतवार ओळखायला कठीण म्हणून लोक टाळतात. मला विचाराल तर तेच शिका.

काही कडक नियम. दगड उलटला तर फोटो काढून तसाच परत ठेवायचा, खालची ओली बाजू उन्हात राहिली की त्यावरचं सगळं मरतं. शक्यतो उलटूच नका. काहीही घरी आणायचं नाही, रिकामा शंखही नाही. त्यात शंखातला खेकडा उद्या राहायला येणार असतो, आणि काही शंख-शिंपले कायद्याने संरक्षित आहेत. कोन शंख, म्हणजे शंकूच्या आकाराचा विषारी डंख करणारा शंख, जिवंत असो वा मेलेला, त्याला तर हातच नको. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूवर निळसर फुगा आणि त्याला लांब धागे असं काही पडलेलं दिसलं तर ते वाळलेलं असलं तरी डंख करतं. उथळ पाण्यात चालायची वेळ आली तर पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत पुरून बसलेलं पाकट (स्टिंगरे) आधीच सरकतं. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगावला बऱ्याच जणांना त्याचा काटा लागला होता. कासवाचं घरटं, घुबडाची ढोली असलं काही सापडलं तर ॲपवर जागा झाकून ठेवा, तशी सोय आहे. जखमी कासव किंवा डॉल्फिन दिसला तर उचलून पाण्यात ढकलू नका. दमलेलं कासव पाण्यात बुडून मरतं. वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करा आणि गर्दी लांब ठेवा. एकटीने बांधावर जाऊ नका, तिथे भटके कुत्रे टोळीने असतात.

मुलीसाठी एक काम सुचवतो. प्लंबरकडून अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार कोपरे घेऊन 50 सेंटिमीटरची चौकट करा. कालवांच्या पट्ट्याच्या वर, पावसाळा सोडून दर महिन्याला त्याच खडकावर ती ठेवायची आणि आतल्या गोगलगायी मोजायच्या. जागा लक्षात राहावी म्हणून खडकाचा फोटो आधीच्या फोटोशी ताडून पाहा, रंगाने खूण करू नका. आकडा तिने म्हणायचा, तुम्ही लिहायचा. दोघी मोजायला बसलात की मोजणी हमखास चुकते, आणि मग वाद होतो.